पुराच्या रात्री मी तिथे होते की नव्हते?

प्रश्न (थोडक्यात, ओळखीचे तपशील वगळून): पत्र लिहिणाऱ्या बाई ५२ वर्षांच्या आहेत. एका लहान गावात वाढल्या, अठराव्या वर्षी शिकायला बाहेर पडल्या आणि मग बाहेरच्याच झाल्या. सहा वर्षांनी मोठा भाऊ गावातच राहिला. वडील नाहीत, आई ७९ वर्षांची आहे. राहतं घर विकायचं ठरलं असून चार महिन्यांत ते रिकामं करून द्यायचं आहे. त्याआधी गावातल्या आठवणी लिहून काढायच्या म्हणून त्या बसल्या आणि पहिल्याच पानावर अडल्या. पूर आला त्या रात्री आपण आईचा हात धरून शाळेच्या जिन्यावर बसलो होतो, पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं होतं, हे त्यांना लख्ख आठवतं. भाऊ म्हणतो, ‘तू तेव्हा मामाकडे होतीस. आणि तुझं ते गाव तुझ्या मनातलं आहे, इथे राहिलो मी.’ त्यांचे प्रश्न असे: आठवणीच खोट्या असतील तर लिहायच्या कशाला? आधी खरं काय ते ठरवायला नको का? आईला विचारून वाद मिटवावा का? ट्रंकेतल्या फोटोंचं काय करायचं? आणि लिहिलेलं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर चालेल का?

उत्तर:

प्रश्न पाच विचारलेत, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: आधी खरं-खोटं ठरू दे, मग लिहीन. या क्रमाने गेलात तर चार महिने वादात जातील आणि घराची किल्ली दिली जाईल. आधी गोळा करा. पडताळणी नंतरही होते, आणि काही बाबतीत ती कधीच होणार नाही. त्याचीही तयारी ठेवा.

पुराच्या रात्रीपासून सुरुवात करू. तुम्ही लिहिता, ‘इतकं स्पष्ट दिसतंय, मग खोटं कसं असेल?’ आठवण किती स्पष्ट आहे आणि ती किती खरी आहे, यांचा आपण समजतो तेवढा संबंध नसतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांत फुटलं. दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी त्यांना कुठे कळली, कुणाकडून कळली, तेव्हा ते काय करत होते. साधारण अडीच वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. सुमारे पाव जणांच्या हकिगतीत एकही मुख्य गोष्ट जुळली नाही, आणि तरी त्यांना स्वतःबद्दल शंका नव्हती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी काही जण आताच्याच आठवणीला धरून राहिले. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना इकडचं तिकडचं त्यात येतं.

आता हेच भावालाही लावा. ‘तू मामाकडे होतीस’ हे तोही चाळीसेक वर्षांपूर्वीच्या आठवणीतूनच बोलतोय. घरात राहिलेल्याची आठवण आपोआप खरी ठरत नाही. भावंडांत तर आणखी एक गंमत होते: एकाच्या बाबतीत घडलेली गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली जाते की दुसऱ्याला ती आपलीच वाटू लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुळ्यांवरच्या एका अभ्यासात ‘हे माझ्या बाबतीत घडलं’ असं दोघंही तितक्याच खात्रीने सांगत होते. त्यामुळे तुमच्या बाबतीत तीन शक्यता उरतात. तुम्ही खरंच जिन्यावर होतात. किंवा भाऊ जिन्यावर होता आणि तुम्ही ते ऐकत ऐकत मोठ्या झालात. किंवा पाणी दोन वेगळ्या वर्षी आलं होतं आणि तुम्ही दोघं दोन वेगळ्या रात्रींबद्दल भांडताय. तिसरी शक्यता लोक फार कमी वेळा धरतात. पुरात मात्र तीच आधी तपासावी, कारण ज्या गावात एकदा पाणी शिरतं तिथे ते बहुधा पुन्हा शिरतं.

तपासायचं कसं? पूर्ण आठवण तपासता येत नाही, तिचे तुकडे तपासता येतात. ‘तिसरी पायरी’ हा असा तुकडा आहे. जिना अजून असेल तर टेप घेऊन जमिनीपासून तिसऱ्या पायरीच्या वरच्या काठापर्यंत मोजा. पायरीची उंची बहुतेक ठिकाणी १५ ते १७ सेंटिमीटर असते, म्हणजे तुमचं पाणी साधारण अर्धा मीटर. मग शाळेजवळ तेव्हा राहणाऱ्या दोघा-तिघांना विचारा की त्यांच्या घरात पाणी कुठवर आलं होतं. विचारताना स्वतःचा आकडा सांगू नका, नाहीतर सगळे ‘हो हो, तिसरीच पायरी’ म्हणतील. पुराची तारीख मिळाली की तुमचं वय, इयत्ता आणि शाळेची सुट्टी त्यावर बसवून पाहा. तो सुट्टीचा काळ निघाला तर भावाच्या बाजूला वजन येईल. ट्रंकेत मामाकडची पत्रं असतील तर पाकिटं फेकू नका. आत तारीख नसली तरी पोस्टाच्या शिक्क्यावर असते. एवढं करूनही निकाल लागला नाही, तर दोन्ही हकिगती शेजारी शेजारी लिहा आणि पुढे चला. वाचणाऱ्याला त्यातून तुमचं घर जास्त कळेल.

‘तुझं गाव तुझ्या मनातलं’ हा टोमणा तुम्हाला फार लागलेला दिसतो. त्यात अर्धं तथ्य आहे. चाळिशीनंतर माणसाला आयुष्यातलं जे आठवतं, त्यात साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणींचा वाटा इतर काळापेक्षा मोठा असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तुमची या काळातली पहिली आठ वर्षं गावात गेली आणि मग गाव तिथेच थांबलं. भावाचं गाव चालू राहिलं. जुन्या दुकानाच्या जागी नवं आलं, तेही बंद पडलं, आणि त्याच्या डोक्यात हे थर एकमेकांवर चढले. म्हणून कोणती गोष्ट कधी बदलली हे तो चांगलं सांगेल, आणि बदलण्याआधी ती कशी होती हे बहुधा तुम्ही. शिवाय तुम्ही आठ वर्षांच्या असताना तो चौदाचा होता. त्याला सायकल होती, संध्याकाळी सातनंतर बाहेर राहायची मुभा होती. तुम्हाला होती का? एकाच गावात मुलगा आणि मुलगी दोन निरनिराळ्या गावांत वाढतात. पत्रात तुम्ही लिहिता, ‘गावात किती मोकळं होतं’. कुणाला, किती वाजेपर्यंत, कुठपर्यंत, हे स्वतःला विचारून बघा. अठराव्या वर्षी बाहेर पडण्याची घाई का झाली होती, हेही त्याच पानावर येऊ द्या. गोड आठवणी खोट्या असतात असं मुळीच नाही, पण फक्त गोडच लिहिलं तर भाऊ दुसऱ्या पानावर वही मिटेल.

म्हणून लिहिण्याआधी नकाशा काढा. मोठा कागद (ए-थ्री आकाराचा पुरतो), पेन्सिल, अर्धा तास, फोन बाजूला. तुम्ही दहा वर्षांच्या असतानाचं गाव काढा: घर, शाळेची वाट, कोणाचं दार कुठे, कुठे कुत्रं होतं, कुठून वळसा घालून जायचात, कुठे जायला बंदी होती. प्रमाण चुकू दे. शाळा घरापेक्षा चौपट मोठी आली तरी खोडू नका, कारण मुलाच्या डोळ्यांची उंची मोठ्या माणसापेक्षा बरीच कमी असते आणि सगळं त्या मापाने साठवलेलं असतं. भावाला त्याच्या दहाव्या वर्षीचं गाव काढायला सांगा. आईला काढायला अवघड जाईल; ती सांगेल तसं तुम्ही काढा, तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचं. तिन्ही नकाशे पुरे होईपर्यंत कुणी कुणाचा पाहायचा नाही. याला कारण आहे. माणसं एकत्र बसून आठवू लागली की प्रत्येकाने एकट्याने आठवलेल्याची बेरीज होईल त्यापेक्षा कमी आठवतं. एकाचं बोलणं दुसऱ्याचा धागा तोडतं. आधी एकेकटे, मग एकत्र. सॅटेलाइट नकाशा तर सगळ्यात शेवटी उघडा. तो एकदा पाहिला की आजचा रस्ता जुन्या गल्लीवर चढतो आणि मग उतरत नाही.

आता आई. तिला विचारा, पण वाद मिटवण्यासाठी नको. ‘आई, सांग बरं, मी पुरात होते ना?’ असं विचारलंत तर ती पंच होईल आणि दोन मुलांपैकी कुणाला दुखवायचं ते ठरवेल. प्रश्नातल्या शब्दांनीही उत्तर वळतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली लोकांना मोटार-अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात ‘धडकल्या’साठी जितका जोरकस शब्द, तितका लोकांनी सांगितलेला वेग जास्त. आठवड्यानंतर, जोरकस शब्द ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना फुटलेली काच ‘आठवली’. फितीत काच फुटलेलीच नव्हती. तेव्हा आईसमोर ‘जिना’, ‘शाळा’, ‘मामा’ यातला एकही शब्द आधी उच्चारू नका. ‘पाणी आलं त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, सांगशील?’ एवढंच. मग गप्प बसा. ती थांबली तरी मनात दहा अंक मोजा. बरेचदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते, आणि मुलं नेमकी तिथेच तोंड घालतात.

‘तेव्हा कसं होतं गं?’ हा प्रश्न सगळ्यात निरुपयोगी. उत्तर ठरलेलं: ‘छान होतं, माणसं साधी होती.’ जागा आणि कृती विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं दार कुठलं उघडायचीस? पाणी कुठून यायचं, किती खेपा? रात्री दिवे गेले की कोण कुठे बसायचं? उधारी कोणाकडे असायची आणि ती मागायला कोण यायचं? तीच ती गोष्ट पुन्हा निघाली तर ‘हे सांगितलंस’ म्हणू नका. त्या गोष्टीच्या अगदी आधी काय चाललं होतं आणि नंतर घरी आल्यावर काय झालं ते विचारा. वारंवार सांगितलेली गोष्ट घासून गुळगुळीत झालेली असते. तिच्या दोन्ही टोकांना अजून कच्चा माल असतो. फोटो पहिल्या बैठकीत दाखवू नका. फोटो समोर आला की माणूस फोटोत दिसतं तेच सांगतो. दुसऱ्या बैठकीपासून दाखवा.

ध्वनिमुद्रणाला फोन पुरतो. एअरप्लेन मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलावरची टकटक येत नाही. आईच्या तोंडापासून साधारण एक फूट. पंखा बंद करा. कानाला सवय झाल्यामुळे आपल्याला तो ऐकू येत नाही, पण मुद्रणात त्याची घरघर शब्द खाते. उकाडा असेल तर वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा. सुरुवातीला तारीख, जागा आणि दोघींची नावं मोठ्याने म्हणा, एक मिनिट मुद्रित करून हेडफोन लावून ऐका, मग पुढे जा. वेव्ह या न दाबलेल्या फाइलप्रकारात, साध्या एका चॅनेलवर (मोनो), तासाला साधारण ३२० एमबी जागा लागते. जागा नसेल तर फोनचा नेहमीचा एम-फोर-ए प्रकारही बोलण्यासाठी चालतो. बैठक पाऊण तासाच्या पुढे नेऊ नका आणि आई ताजीतवानी असेल ती वेळ धरा. आईला न सांगता मुद्रण तर अजिबात नको. कळलं की पुढचं सगळं बंद होतं, आणि कळतंच.

सगळं शब्दशः उतरवायच्या फंदात लगेच पडू नका. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात आणि बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो. त्याऐवजी सूची करा: ०४:१० विहिरीचा दोर, ०९:३० काकांशी अबोला, १७:०० पुराची सकाळ. यंत्राने मजकूर उतरवून घेता येतो, पण माणसांची आणि गल्ल्यांची नावं ते हमखास बिघडवतं, तेव्हा ती कानाने तपासा. आणि एक वेगळी गोष्ट: जुन्या गोष्टींत आई गोंधळली तर काळजीचं काही नाही. औषधाची वेळ, ओळखीचा रस्ता, हातातले पैसे यांत अलीकडे गोंधळ होऊ लागला असेल, तर मुद्रण राहू द्या आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

फोटोंना घाई करा, कारण घर हलवताना सर्वांत जास्त नुकसान त्यांचंच होतं. कोणतेही फोटो अल्बममधून काढण्यापूर्वी पानं जशी आहेत तशी मोबाइलवर टिपा. कोणता फोटो कोणाशेजारी लावला होता, हीसुद्धा माहितीच असते. पानावर चिकट रेघा आणि वर प्लास्टिक असलेले अल्बम वाईट. त्यातला चिकट पदार्थ पिवळा पडतो आणि फोटो धरून ठेवतो. नखाने उपटू नका. दातांसाठीचा साधा, मेण नसलेला फ्लॉस फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा अलगद पुढे-मागे सरकवा. अडला तर थांबा आणि पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेवरूनच टिपायचा, ओढायचा नाही. पाणी, थुंकी, ओलं फडकं काहीही लावू नका. मऊ कोरडा ब्रश बस.

नेहमीचा ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे मोठा करून छापायलाही पुरेसं. पासपोर्ट आकाराच्या बारक्या फोटोंना १२०० ठेवा. कृष्णधवल फोटोही रंगीत सेटिंगवरच घ्या, कागदाचा पिवळेपणा आणि डाग नंतर वेगळे करता येतात. मागची बाजू विसरू नका. स्टुडिओचा शिक्का, क्रमांक, कुणाच्या तरी हातची तारीख तिथेच असते. मूळ फाइल टिफ या न दाबलेल्या प्रकारात राहू द्या (एक फोटो साधारण २६ एमबी) आणि वाटायला जेपीईजी करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोन फोटोला समांतर, आणि चेहरे गुळगुळीत करणारं सेटिंग बंद. नाव असं द्या: १९८४_शाळा_आई-मावशी. साल माहीत नसेल तर १९८क्ष. ‘आयएमजी’ आणि आकडा असं नाव ठेवलेले चारशे फोटो म्हणजे पुन्हा ट्रंकच.

सगळ्याच्या तीन प्रती: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा क्लाउडवर. एकट्या पेनड्राइव्हवर भरवसा नको. वर्षातून एकदा फाइल उघडून बघा.

घराचं काम सामान बांधायला सुरुवात होण्याच्या आधी उरका, नंतर खोल्या खोल्या राहत नाहीत. प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो घ्या, मग सावकाश, न बोलता एक व्हिडिओ. कडी, जिना, दाराची करकर यांचा आवाज त्यातच येईल. दुसऱ्या व्हिडिओत आईला सोबत घेऊन बोलतं करा. खोल्या मोजून १:५० प्रमाणात आराखडा काढा. चार मीटरची भिंत कागदावर आठ सेंटिमीटर. त्यावर सामान कुठे असायचं ते मांडा. पुढे लिहिताना ‘कोण कुठे झोपायचं’ या एका गोष्टीवरून दहा गोष्टी निघतील.

मग लिहा. ‘आमचं गाव’ असा निबंध नको. एक जागा, एक वेळ, ३०० ते ५०० शब्द, असे तुकडे. प्रत्येक वाक्याला समासात खूण करा: ‘मी’ म्हणजे मला स्वतःला आठवतं, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं, ‘का’ म्हणजे कागदावर किंवा फोटोत आहे. तुमच्या पुराचं पान कदाचित असं होईल: ‘(का) मामाच्या पत्रावरचा शिक्का अमुक तारखेचा. (ऐ) दादा सांगतो, मी मामाकडे होते. (मी) ओल्या दगडाचा वास, आणि आईच्या मुठीत दुखणारी माझी बोटं.’ यातलं काहीही खोडायची गरज नाही, आणि ‘माझ्या आठवणी खोट्या’ असं म्हणायचीही नाही. भावाचं म्हणणं मात्र त्याच्या शब्दांत घाला आणि त्याला आधी वाचून दाखवा.

राहिला व्हॉट्सॲप ग्रुप. लहान गावात नाव बदलून कुणी लपत नाही. ‘पोस्टाशेजारच्या घरातली धाकटी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. त्यामुळे कुणाचं आजारपण, कर्ज, मोडलेलं लग्न, दारू हे सगळं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. संबंधित माणूस किंवा त्याच्या घरचं कुणी हो म्हणेपर्यंत ती फाइल घरातच राहील. ग्रुपवर लेख टाकण्याऐवजी प्रश्न टाका: एक फोटो, ओळखीची नावं झाकून, आणि ‘ही जागा कुठली, साल कोणतं असेल?’ तुमचा अंदाज सोबत लिहू नका. उत्तरं आली की त्याच दिवशी सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह वहीत उतरवा. फोन बदलला की ग्रुपवरचं बरंच हरवतं, आणि सहा महिन्यांनी ‘हे कोण म्हणालं होतं’ ते तुम्हालाही सांगता यायचं नाही.